मशीन तासाला पाच हजार पिशव्या भरतं, पण त्या कोपऱ्याचं काय?

आमच्या घरी सकाळी पावणेसातला दूध येतं. पिशवी आईच्या हातात गेली की ठरलेला कार्यक्रम, कात्रीने कोपरा उडवायचा, दूध पातेल्यात, मग पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून खळबळून तेही पातेल्यात (हे मला आजवर पटलेलं नाही पण आईपुढे बोलणार कोण), आणि मग ती धुतलेली पिशवी ओट्यामागच्या टाइल्सवर फटकन चिकटवायची. दुपारपर्यंत वाळून ती आपोआप खाली पडते. मग घडी घालून सिंकखालच्या डब्यात, आणि दोनेक महिन्यांनी भंगारवाला आला की किलोवर. रिसायकलिंग हा शब्द आपल्याकडे पोचायच्या कितीतरी आधी हे घरोघरी चालू होतं, त्यामुळे कोणी पर्यावरणावर लेक्चर द्यायला लागलं की मला त्या टाइल्स आठवतात.

पण कोपरा? तो नखाएवढा तिकोनी तुकडा जातो कुठे? सिंकच्या जाळीत सापडतो, शेगडीखाली सापडतो, ओल्या कचऱ्यात खरकट्याबरोबर जातो, एकदा माझ्या चहात आला होता. पिशवी इतकी जपून धुऊन वाळवणाऱ्या बाईच्या हातूनसुद्धा कोपरा सुटतो, कारण तो जपावा असा आकारच नाही त्याचा.

हे मी उगाच कात्रीत पकडायला लिहीत नाहीये. मी नऊ वर्षं एका डेअरीच्या पॅकिंग सेक्शनला काढली, आता मशिनांची सर्व्हिसिंगची कामं करतो, म्हणजे त्या पिशवीचा जन्म मी रोज बघतो आणि तिचा शेवट घरी बघतो. आणि गेली काही वर्षं मला एक गोष्ट खटकतेय. दुधाच्या पॅकिंगमध्ये नवीन काय म्हणून जे जे येतं ते सगळं पिशवी दुकानात पोचेपर्यंतचं असतं. वेग वाढला, लिकेज कमी झालं, टिकाऊपणा वाढला, वजन अचूक आलं. दुकानाच्या फळीवर पिशवी ठेवली की इंजिनिअर लोकांची हद्द संपते. पुढचं गिऱ्हाईक बघेल आणि नगरपालिका बघेल. माझं म्हणणं एवढंच की आता पुढची सुधारणा तिथून पुढे व्हायला हवी आणि ती आपणहून कोणतीही डेअरी करणार नाही, त्यासाठी सरकारला पिशवीच्या डिझाईनमध्ये नाक खुपसावं लागेल.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वर छापलेल्या फिल्मचा रोल असतो, कापडाचा तागा असतो ना तसा. ती फिल्म रोलरवरून फिरत अल्ट्राव्हायोलेट ट्यूबखालून जाते म्हणजे आतल्या बाजूचे जंतू मरावेत, मग एका कॉलरवरून वळून तिची नळी होते, उभं सील मागची शिवण मारतं, वरच्या टाकीतून मोजून दूध पडतं आणि खाली जबडा मिटतो. त्या एका मिटण्यात तीन कामं होतात, भरलेल्या पिशवीचं तोंड बंद, मागून येणाऱ्या पिशवीचा तळ तयार, आणि दोघींच्या मधे काप. जबड्यात निक्रोम धातूची पट्टी असते, तिला क्षणभर करंट मिळून ती तापते, प्लास्टिक चिकटू नये म्हणून वर टेफ्लॉनचं कापड आणि सील लगेच घट्ट व्हावं म्हणून मागून थंड पाणी. (पुण्यातल्या ज्या कंपनीची अशी मशिनं देशभरच्या डेअऱ्यांत दिसतात तिचं नावही निक्रोमच.) दोन हेडचं साधं मशीन तासाला पाचेक हजार पिशव्या काढतं, सर्वो मोटरवाली नवी मशिनं त्याच्या दुपटीच्या आसपास जातात.

आणि यात सगळा जीव त्या सीलमध्ये. रात्री दोनच्या सुमाराला टेफ्लॉन जळलं आणि ऑपरेटरला डुलकी लागलेली असली की सील लिबलिबीत व्हायला लागतं, पिशवी दिसायला एकदम चांगली असते, पण क्रेटमध्ये वरून दुसरी चार पिशव्यांची रास बसली की पाझरायला लागते. पहाटे डेपोतून फोन, लिकेज आलंय. मग फुटक्या पिशव्या परत, त्या कापून दूध बादलीत, बादली तपासणीला, आणि शिफ्ट इन्चार्जची आरती. माझे मोजे नऊ वर्षं आंबट होते, बायको बूट दाराबाहेर काढायला लावायची. हे सांगायचं कारण की डेअरीवाला सीलला हात लावायला का घाबरतो हे मला बाहेरच्या लोकांपेक्षा जास्त कळतं, पुढे तो मुद्दा येणारच आहे.

या मशिनाला कमी लेखायची माझी अजिबात इच्छा नाही. मुंबईत आरेच्या काचेच्या बाटल्यांचा जमाना ज्यांनी पाहिलाय ते अजून हळहळतात, सेंटरवर रिकामी बाटली द्यायची भरलेली घ्यायची, वर अॅल्युमिनियम फॉइलचं झाकण, किती छान होतं वगैरे. छान होतंच. पण काच जड, टेम्पोत दूध कमी आणि काच जास्त, फुटणार ती वेगळी, आणि प्रत्येक बाटली परत आणून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुवायची. त्यापुढे तीन ग्रॅमची पिशवी आली, जी येताना रोलमध्ये गुंडाळून येते आणि जाताना दुधाच्या वजनात धरावीसुद्धा लागत नाही. गावोगावच्या संघांना, कोल्हापूरचा गोकुळ घ्या वारणा घ्या पुण्याचा कात्रज घ्या, शहराच्या दारात ताजं दूध स्वस्तात नेता आलं त्यात या पिशवीचा वाटा फार मोठा आहे. २०२३-२४ मध्ये भारताचं दूध उत्पादन जवळपास २३ कोटी ९३ लाख टन होतं, जगात पहिला नंबर, त्यातलं डेअरीत येऊन शहरात विकलं जाणारं बरंचसं ताजं दूध याच पिशवीतून जातं.

दुसरीकडे स्वीडनवाल्यांचं खोकं. रुबेन रॉसिंग आणि त्यांच्याकडचा एरिक वॉलेनबर्ग यांनी चाळीसच्या दशकात कागदाची नळी करून तिला आडवी-उभी चिमटी घेतली की चार कोपऱ्यांचा पुडा तयार होतो हे काढलं, १९५१ ला टेट्रा पॅक कंपनी निघाली, १९५२ ला लुंडच्या डेअरीत पहिलं मशीन साईसाठी लागलं. त्यातली खरी कमाल मला वाटते ती दुधाच्या पातळीच्या खाली, दुधातूनच सील मारायची, म्हणजे आत हवेचा फुगाच राहत नाही. पुढे १३५-१४० डिग्रीला काही सेकंद तापवलेलं दूध निर्जंतुक खोक्यात भरायचं तंत्र आलं आणि दूध फ्रिजबाहेर महिनोन्महिने टिकायला लागलं. हे खोकं आता आपल्या चाकणलाच बनतं. लडाखमधल्या जवानाला किंवा कोकणातल्या आडगावच्या दुकानदाराला, जिथे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, ते खोकं म्हणजे वरदान आहे. पण ज्या घरात सकाळी आलेलं दूध संध्याकाळच्या चहापर्यंत संपतं त्या घराला सहा महिने टिकणाऱ्या खोक्याची काय गरज? आणि त्यात पाऊण भाग कागद, वीस टक्क्यांच्या आसपास प्लास्टिक आणि पाचेक टक्के अॅल्युमिनियम असं एकमेकांना घट्ट चिकटवलेलं असतं, ते वेगळं करायला खास कारखाना लागतो, आमच्या गल्लीतला भंगारवाला त्याला हातही लावत नाही. पिशवी म्हटलं की एकच जातीचं प्लास्टिक, पॉलिथिन, म्हणून तर तो तिचे पैसे देतो. म्हणजे पिशवीला शिव्या देऊन खोक्याला प्रगती म्हणणारे जे कोणी आहेत त्यांना माझा नमस्कार.

मग बिघडलं कुठे? तर कायद्यात, आणि तेही चांगल्या हेतूने. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, २३ जूनपासून अंमल सुरू झाला, आठवत असेल तेव्हा लोक भाजीला कापडी पिशवी शोधत फिरत होते. त्यात दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, दोन अटींवर. जाडी ५० मायक्रॉनपेक्षा कमी नको (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि पिशवीवर परत घेण्याची किंमत छापायची, कमीत कमी ५० पैसे. पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री रामदास कदम विधानसभेत म्हणाले की राज्यात रोज १ कोटी दुधाच्या पिशव्या फेकल्या जातात आणि त्यातून ३१ टन प्लास्टिक तयार होतं, महिन्याभरात हे ५० पैशांचं डिपॉझिट चालू करू. भागाकार करून बघा, पिशवीमागे ३.१ ग्रॅम येतात, हिशोब बरोबर आहे. पण तो महिना अजून संपायचा आहे.

मी एकदा हट्टाने करून बघितलं. धुतलेल्या वाळवलेल्या २० पिशव्या घेऊन कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे गेलो. सकाळची वेळ, मागे सात-आठ लोक. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय. छापलंय ना त्यावर, मी म्हणालो. तो म्हणाला, साहेब छापणारा छापतो, मला वर कोण देणार? आणि दिलेच तर या ठेवू कुठे, फ्रिजमध्ये? मागच्या काकू म्हणाल्या अहो दहा रुपयांसाठी कशाला खोळंबा करताय, त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी त्याने मला दोन चॉकलेटं दिली आणि पिशव्या परत दिल्या. घरी आल्यावर आईने विचारलं किती मिळाले, मी चॉकलेट पुढे केलं.

यात लबाड कोणी नाही हे लक्षात घ्या. ५० पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण शेवटचं कधी पाहिलंत? जी किंमत द्यायला नाणंच हातात येत नाही ती किंमत कायद्यात लिहिली. शिवाय किलोचा हिशोब करा, ३.१ ग्रॅमच्या सव्वातीनशे पिशव्या म्हणजे एक किलो, ५० पैशांनी झाले १६० रुपयांच्या वर. भंगारात त्या एका किलोचे मला वीस रुपये मिळतात आणि तेही वाद घालून. मधले १४० रुपये कोणी भरायचे हे अधिसूचनेत नीट बांधलेलंच नव्हतं. डेअरी म्हणणार दुकानदार, दुकानदार म्हणणार डेअरी, आणि लिटरमागे चार आण्यावरून जिथे दूध उत्पादक रस्त्यावर उतरतात तिथे डेअरी हा खर्च आपणहून अंगावर घेईल अशी अपेक्षा करणं हा बालिशपणा आहे.

त्या मायक्रॉनच्या अटीचं तर मला हसू येतं आणि रागही. पूर्वी साधं एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिन असायचं, आता त्यात लिनिअर जातीचं पॉलिथिन मिसळून तीन थरांची फिल्म करतात, ती ताणाला जास्त भक्कम, सील गरम असतानाच धरतं, म्हणजे तेवढंच दूध कमी जाडीत मावण्याची शक्यता तयार झाली. इंजिनिअरला वाटतं चला मायक्रॉन कमी करू, टनावारी प्लास्टिक वाचेल. पण खालची पट्टी कायद्याने बांधून ठेवलेली. तो आकडा खरं म्हणजे कॅरीबॅगच्या विचारातून आलेला, पातळ पिशवी वाऱ्यावर उडते, कोणी उचलत नाही, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत नाल्यांतल्या पिशव्यांचा जो धसका बसला तो अजून धोरणात दिसतो. कॅरीबॅगला ते बरोबर आहे. दुधाची पिशवी पातळ असो की जाड, धुऊन वाळवली तर किलोवर जाते आणि नाही वाळवली तर आंबून कचऱ्यात जाते, प्रश्न जाडीचा नाहीच. तरी मी म्हणेन ती अट राहू दे, लगेच काढू नका, कारण ती काढली तर डेअऱ्या वाचलेले पैसे खिशात घालतील आणि परत घेण्याचं नावही काढणार नाहीत. आधी परत घेण्याची साखळी उभी करा, त्या बदल्यात जाडी कमी करायची सवलत द्या.

आता कोपऱ्याकडे येतो. युरोपियन युनियनने २०१९ साली एक नियम केला, ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि खोकी यांची प्लास्टिकची झाकणं उघडल्यावरही बाटलीला चिकटलेलीच राहिली पाहिजेत. कारण समुद्रकिनाऱ्यावर सुटी झाकणं फार सापडायची. कोका-कोला, पेप्सिको, नेस्ले, डॅनोन यांनी २०१८ मध्येच पत्र लिहून विरोध केला होता, मशिनं बदलावी लागतील, प्लास्टिक उलट वाढेल वगैरे. नियम झालाच. आणि मग काय झालं, त्याच कंपन्यांच्या इंजिनिअर लोकांनी बिजागरीवाली झाकणं काढली, झाकण लावणारी मशिनं बदलली, लोकांनी थोडे दिवस नाकाला झाकण लागतं म्हणून कुरकुर केली आणि सवय झाली. माझा पुतण्या जर्मनीत असतो, तो अजून कुरकुरतो, पण झाकण काही तोडत नाही.

आपल्याकडेही हे झालंय, फार लांब जायला नको. १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली. दहा-वीस रुपयांच्या ज्यूस आणि ताकाच्या छोट्या खोक्यांना मागे चिकटवलेली ती बारीक स्ट्रॉ. अमूलने मुदतवाढ मागितली, पार्ले अॅग्रो आणि डाबर यांनीही मागितली, कागदी स्ट्रॉ एवढ्या आणायच्या कुठून म्हणाले, म्हणणं खोटं नव्हतं. सरकारने तारीख हलवली नाही. सुरुवातीला बाहेरून मागवल्या, मग इथे मशिनं बसली, आता कागदी स्ट्रॉ घेऊन पोरं ताक पितात आणि ती शेवटी शेवटी ओली होऊन लोळते तेव्हा वैतागतात. पण चालतंय.

मग रोज १ कोटी पिशव्या म्हणजे रोज १ कोटी कोपरे, त्यांच्याबद्दल एका ओळीचाही नियम का नाही? मी घरच्या मसाल्याच्या काट्यावर कोपरा तोलून बघितला, काटा हललाच नाही. वजनात तो कुठेच येत नाही म्हणून कोणाच्या अहवालातही येत नाही. पण पुण्यात कचरा घ्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंना विचारा, पिशवी त्या कचऱ्यातून ओढून काढतील, कोपरा बोटात धरायला थांबल्या तर दिवसभरात एक सोसायटी उरकणार नाही. तो जातो तो कायमचाच, खताच्या खड्ड्यात किंवा गटारात.

यावर आपला उपाय काय, तर व्हॉट्सअॅप. ताईंनो दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापू नका, लटकता ठेवा, पृथ्वी वाचवा, खाली हात जोडलेले इमोजी. सल्ला चुकीचा नाही, मीही पाळतो. पण गंमत बघा, हजारो कोटींचा धंदा, कोटीभर रुपयांची मशिनं, आणि कचऱ्याची जबाबदारी सकाळी घाईत डबा करणाऱ्या बाईच्या कात्रीवर. आणि कोपरा लटकता ठेवून ओतून बघा एकदा. तो नेमका धारेच्या मधे येतो, दूध पातेल्याबाहेर, गॅसवर, ओट्यावर. आईने दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, तुला एवढी हौस असेल तर तू ओत.

मी हे जुन्या साहेबांपुढे काढलं होतं, अजून त्या डेअरीत आहेत, मशिनातला माणूस. ते म्हणाले काय करायचं मग, शॅम्पूच्या पुडीसारखी खाच पाडू? पॉलिथिन आहे, फाटत नाही, ताणतं. तू ओढशील तेवढं लांबेल आणि मग एकदम सुटेल आणि दूध अंगावर. हे खरंच आहे, शॅम्पूची पुडी चर्रकन फाटते कारण तिच्यात पॉलिएस्टरचा थर असतो, तो इथे घातला तर भंगारवाला पिशवी घेणं बंद करेल, आगीतून फुफाट्यात. आणि सीलजवळ कसलाही काप म्हणजे लिकेज, ते म्हणाले, लिकेज एक टक्का वाढलं तर मला घरी बसवतील. माझे आंबट मोजे आठवून मी गप्प बसलो.

पण नंतर विचार करत बसलो तर वाटलं की आपण उगाच मोठी उडी मारायला बघतोय. पिशवी नव्याने घडवायची नाहीये, फक्त कात्री कुठे थांबायची एवढंच सांगायचंय. आजची पिशवी घ्या, काही पिशव्यांवर कोपऱ्याला कात्रीचं चित्र आणि तुटक रेघ असते, आणि ती रेघ एका कडेपासून थेट दुसऱ्या कडेपर्यंत! म्हणजे आपणच छापून सांगतोय की कोपरा तोडून टाका. ती रेघ पाऊण करा. वरच्या सीलपासून सुरू करून बाजूच्या कडेच्या अलीकडे थांबवा, आणि तिरकी अशी घ्या की लटकणारा तुकडा धारेच्या वर राहील, खाली नाही. मी कात्रीने पन्नासेक पिशव्यांवर करून बघितलं, कोन जमला की धार सरळ पडते, गॅसवर सांडत नाही. याला सीलला हात लागत नाही, मशिनाला हात लागत नाही. पुढची पायरी मग लेझरने तेवढ्याच रेघेवर फिल्मचा वरचा थर हलका ओरखडायचा, ते अन्नाच्या इतर पाकिटांवर होतंच, दुधाच्या भारात ते टिकेल का हे मशीन बनवणाऱ्यांनी चाचणी करून बघायचं. पण ते बघतील कधी? मागणी आली तर. आणि मागणी येईल कधी? नियम आला तर. सगळ्या डेअऱ्यांना एकाच तारखेला करावं लागलं तर कोणाचं दूध महाग होत नाही आणि कोणी मागे राहत नाही, म्हणून मी सरकारला मधे ओढतोय, एरवी सरकार जितकं लांब तितकं बरं या मताचा मी आहे.

काही मित्र म्हणतात पिशवीच नको, सुटं दूध द्या. दिल्लीत मदर डेअरीच्या बूथवर १९७४ पासून टोकन टाकून स्वतःच्या भांड्यात दूध घेता येतं, पिशवीपेक्षा स्वस्तही पडतं. मला ही पद्धत मनापासून आवडते आणि मोठ्या सोसायट्यांच्या दारात अशी मशिनं का नाहीत याचं उत्तर कोणीतरी द्यायला हवं. पण सकाळी कॅन घेऊन खाली उतरणारं माणूस घरात असलं पाहिजे, आपल्याकडे आता दोघंही साडेसातच्या लोकलला किंवा कंपनीच्या बसला असतात. आणि सुटं दूध म्हटलं की पाणी किती घातलं हा संशय मराठी माणसाच्या रक्तात आहे, पिशवीचं सील हा त्या संशयावरचाच तर उतारा होता. कॅनडात, ओंटारियोकडे, अजून पिशव्याच चालतात, चार लिटरचा पुडा, आत १.३३ लिटरच्या तीन पिशव्या, ती एका जगमध्ये उभी करायची आणि कोपरा कापायचा. टोरोंटोत राहणारी आमची मावसबहीण म्हणते अगदी घरच्यासारखं वाटतं. श्रीमंत देश आहे म्हणून पिशवी टाकून दिली असं नाही. फक्त कोपऱ्याचा प्रश्न त्यांच्याकडेही तसाच लोंबकळतोय!

आणि विरघळणाऱ्या पिशव्या, मक्याच्या, कंपोस्ट होणाऱ्या? त्या चुकून भंगारवाल्याच्या पोत्यात गेल्या की बाकी चांगल्या पॉलिथिनचा लॉट खराब होतो, याबद्दल विकणारा काही बोलत नाही. आज जी वस्तू किलोवर विकली जाते ती उद्या फुकटही कोणी नेणार नाही अशी करून ठेवायची याला मी सुधारणा म्हणत नाही.

राहिला ५० पैशांचा प्रश्न, त्यावर मात्र आता उत्तर आहे जे २०१८ ला एवढं सोपं नव्हतं. निलगिरीत २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात, बाटली परत केली की परत देतात, बहुतांश बाटल्या परत यायला लागल्या. केदारनाथच्या वाटेवर पाण्याच्या बाटलीला क्यूआर कोड चिकटवून दहा रुपयांचं डिपॉझिट चालू केलं. गोव्याने २०२४ ला डिपॉझिट रिफंडची योजनाच अधिसूचित केली. पिशवी दहा रुपयांची होऊ शकत नाही हे मान्य, पण ५० पैसे यूपीआयने जमा होऊ शकतात, किंवा दूधवाल्याच्या महिन्याच्या बिलातून वजा होऊ शकतात, तिथे नाणं लागतच नाही. प्रत्येक पिशवीवर तारीख आणि बॅच आजही छापली जाते, तो कोडर तिथेच बसलाय, प्रत्येक पिशवीला वेगळा नंबर मारायला त्याला जरा वेगवान करावा लागेल. ज्या माणसाने पाच हजाराचं मशीन दहा हजारावर नेलं त्याला हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. आणि दूधवाल्याच्या फ्रिजमध्ये पिशव्या ठेवायची गरज नाही, सकाळी भरलेले क्रेट घेऊन आलेला टेम्पो रिकामे क्रेट घेऊन जातो, ते रिकामेच जातात, त्यात पिशव्या जाऊ शकतात. धुतलेल्या असल्या पाहिजेत, एवढी एकच अट, आणि ती अट आपल्या घरांनी टाइल्सवर कधीच पूर्ण केलीय.

परत घेताना कोपऱ्यासकट असलेल्या पिशवीचेच ५० पैसे द्या, तुटक्याचे नाही. मग बघा आई कात्री कुठे थांबवते ते.

साहेबांना मी परवा पुन्हा फोन केला होता. म्हटलं लेझर-बिझर राहू दे, ती छापलेली रेघ तेवढी पाऊण करा, नुसती छपाई आहे, लिकेजचा संबंध नाही. म्हणाले छपाईचे सिलिंडर नवे करावे लागतात रे, खर्च असतो. म्हटलं दर वाढला की करताच ना नवे. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले पुढच्या महिन्यात दोन रुपयांनी वाढतोय बहुतेक, बघू.